संमेलनाचं संगीत नाटक: शनिवारपर्यंत नावं कळवा

नमस्कार मंडळी,

सहावी ते आठवीच्या मुलांसाठी नाटक सुचवायची मुदत येत्या शनिवारी संपते.

आलेल्या नावांपैकी ‘एकच प्याला’ नको. पदं सुरेखच आहेत, पण तेरा वर्षांच्या मुलाने झिंगलेला सुधाकर केला की प्रेक्षक हसतात आणि नाटक तिथेच पडतं. ‘शारदा’ मात्र लगेच बाद करू नका. १८९९ सालचं असलं, तरी म्हाताऱ्याशी लग्न ठरवलेल्या मुलीची गोष्ट आठवीच्या मुलींना बरोबर भिडते. अख्खं झेपणार नाही. निवडक प्रवेश आणि चार पदं पुरेत. ‘शारदा’चे लेखक गोविंद बल्लाळ देवल १९१६ साली गेले, त्यामुळे हक्कांची अडचण नाही. अलीकडच्या लेखकाचं नाटक सुचवलंत, तर परवानगी कोण आणणार तेही लिहा.

समूहगीतं जास्त असलेलं बघा. या वयात मुलांचा आवाज फुटतो. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये काळी चारच्या उंच पट्टीत गाणारा आपला नायक डिसेंबरात काळी एकच्या खालच्या पट्टीवर आला, आणि पेटीवाल्या सरांनी ऐन रंगीत तालमीला सगळी पदं खाली उतरवली!

आणि हो, प्रेमप्रवेश असेल तर आधी मुलांनाच विचारा. लाजून हसू लागली, की तालमीचा तास गेला.