सेल्फ मारू न देणाऱ्या करंजीच्या मिस्त्रीभाऊंना

मिस्त्रीभाऊ, नमस्कार.

"माहं नाव नोका टाकू गुरुजी, लोकं उधारीनं गाड्या आनतीन," असं तुम्ही म्हणाले होते, म्हणून नुसतं मिस्त्रीभाऊ.

डिसेंबरातली गोष्ट. मारेगावहून बाबांना मोतीबिंदूसाठी सेवाग्रामला नेत होतो, सोबत धाकटा भाऊ. करंजीच्या अलीकडे गाडी दम टाकू लागली, मागं काळा धूर, आणि तुमच्या दुकानासमोर बंदच पडली. मी सेल्फ मारला. पुन्हा मारला. तिसऱ्यांदा चावी फिरवणार तोच तुम्ही ओरडले, "राहू द्या! सेल्फ नोका मारू!" खरं सांगतो, राग आला होता.

तुम्ही आधी बाबांचं पाहिलं. हातातला पाना वर करून रस्त्याच्या मधात उभे राहिले आणि हिंगणघाटकडे जाणारी एसटी थांबवून दोघांना बसवून दिलं. मग बॉनेट.

दोन महिने मी भलत्याच रोगाचं औषध करत होतो. सकाळी गाडी लवकर चालू होईना, पिकअप नाही. एकानं नोझल साफ केले, दुसऱ्यानं डिझेल फिल्टर बदलला. पैसे गेले, फरक नाही. तुम्ही एकच विचारलं, पट्ट्याच्या बाजूनं कधी खरखर येत होती का? येत होती. मी फॅनबेल्टची समजत होतो.

दहाच्या पान्यानं तुम्ही वरचं कव्हर काढलं. टायमिंग बेल्ट म्हणजे खालच्या क्रँकच्या (पिस्टननं फिरणाऱ्या दांड्याच्या) जोरावर वरचा कॅम (वाल, म्हणजे झडपा उघडणारा दांडा) फिरवणारा दातेरी पट्टा. त्याच्या काठाला दोरे लोंबत होते आणि तेच कव्हरला घासत होते. लागोपाठ दोन दात गायब. बेल्ट तेलानं काळाकुट्ट. "कॅमचं सील गळते. रबर तेलानं खाल्लं." कॅमची खूण एक दात सरकलेली होती. आणखी सरकली असती, तर वाल पिस्टनवर आदळून वाकले असते आणि इंजिनाचं हेडच, म्हणजे वरचा भागच, उतरवावा लागला असता.

शेजाऱ्याच्या स्विफ्ट डिझेलला बेल्टऐवजी चेन आहे, म्हणून माझ्याही गाडीला तीच असेल असं मी धरून बसलो होतो. आठवीला विज्ञान शिकवतो बरं मी! जुनी गाडी घेताना बेल्ट कधी बदलला, हे विचारायचं सुचलंच नाही. बहुतेक गाड्यांना तो ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान बदलावा लागतो, हे तुमच्याकडून कळलं.

पांढरकवड्याहून तुमचा पुतण्या सामान घेऊन आला. टेन्शनर, म्हणजे बेल्ट ताणून धरणारी चाकी, जुनाच ठेवा, तेवढेच पैसे वाचतील, असं मी म्हटलं. तुम्ही वाद घातला नाही. जुना टेन्शनर माझ्या हातात देऊन म्हणाले, फिरवा. बेअरिंग रेती भरल्यासारखं करकरलं. मी गप्प.

क्रँक, कॅम, डिझेल पंप, तिन्ही खुणा जुळवून बेल्ट चढवला, तरी चावी नाही. क्रँकच्या बोल्टला पाना लावून तुम्ही इंजिन हळूहळू हातानं फिरवलं, बरोबर दोन फेरे. दोनच का, असं विचारलं तर तुम्ही दात मोजायला लावले. कॅमच्या पुलीला क्रँकपेक्षा दुप्पट दात, म्हणजे खालचे दोन फेरे झाले की वरचा एक, आणि तेव्हाच सगळ्या खुणा परत जागेवर येतात. मधात कुठं अडलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही. "सेल्फाले डोळे नसतात गुरुजी, हाताले समजते."

त्या क्षणी तुमचं ते ओरडणं मला कळलं. तेव्हा आभार मानायचे राहून गेले, ते आज मानतो. मजुरी तर तुम्ही फक्त नऊशे घेतली!

जुना बेल्ट आता शाळेत आहे. पोरं त्याचे दात मोजतात आणि दोन तुटके दिसले की खूश होतात.

बाबांचं ऑपरेशन नीट झालं. परवा त्यांनी मला बॉनेट उघडायला लावलं आणि तुम्ही कव्हरवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेला किलोमीटरचा आकडा, दोन पावलं मागं उभं राहून, चष्म्याशिवाय मोठ्यानं वाचला.

तुमचे,
मारेगावचे गुरुजी