खिडक्यांच्या काचांकडेही पाहा

२३ मे २०२४ रोजी डोंबिवली एमआयडीसीतल्या रसायन कारखान्यात रिअॅक्टरचा (रासायनिक प्रक्रियेच्या बंद टाकीचा) स्फोट झाला, तेव्हा दूरच्या इमारतींच्याही काचा फुटल्या. नवी मुंबईच्या महापे-रबाळे पट्ट्यातही कारखान्यांना लागूनच वस्ती आहे. अशा वेळी उडालेल्या काचांनीच असंख्य माणसे जखमी होतात. लॅमिनेटेड काच तडकते, पण तुकडे मधल्या प्लॅस्टिकच्या थराला चिकटून राहतात. जुन्या खिडक्यांना सेफ्टी फिल्म, म्हणजे तुकडे धरून ठेवणारा पारदर्शक चिकट प्लॅस्टिकचा थर, लावता येते. मात्र ती चौकटीलाही पक्की बसवायला हवी, नाहीतर अख्खी काचच आत येते. कारखान्यात धोकादायक रिअॅक्टरभोवती काँक्रीटची भक्कम भिंत आणि वर हलके छप्पर असले, की दाब वर निघून जातो. महापालिकेने निदान एमआयडीसीलगतच्या शाळा-रुग्णालयांच्या खिडक्यांचे काम तरी तातडीने हाती घ्यावे.

– एक रहिवासी, घणसोली, नवी मुंबई