बोट वेळेवर, सूर उशिरा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अंधेरी ते चर्चगेट बसायला जागा मिळाली, की शेजारच्या मोबाइलवर हमखास दिसणारा एक खेळ आहे. पडद्यावर चार रकाने, वरून घसरत येणाऱ्या काळ्या पट्ट्या आणि खाली कान टवकारून बसलेले मांजराचे पिल्लू. पट्टी रेषेवर आली की बोट टेकवायचे. पियानोचा सूर वाजतो, पिल्लू डोलते. दोन-तीन गाण्यांनंतर पट्ट्या निसटू लागतात आणि खेळणारा फोन खिशात टाकत म्हणतो, ‘आपल्याला तालच नाही बुवा.’ हे पत्र त्या वाक्याबद्दल आहे. पुष्कळदा ताल शाबूत असतो, घोळ कानातल्या बिनतारी इयरफोनचा असतो.

हिशेब करून पाहा. मिनिटाला १२० मात्रांची लय धरली, तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची. दुगुनीतला एक बोल २५०, चौगुनीतला १२५. साध्या ब्लूटूथ इयरफोनमध्ये फोनमधून निघालेला आवाज कानात पडायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे चौगुनीत बोटाने ‘धा’ मारला, तर तो कानाला ऐकू येईपर्यंत बोटाने पुढचा ‘धिं’ ओलांडलेला असतो. हवेतून आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. २०० मिलिसेकंदांत सुमारे ६९ मीटर. लोकलचा एक डबा वीसएक मीटरचा. तेव्हा पेटीवाला तीन डबे पलीकडे बसला आहे आणि आपण इथून त्याला साथ करतो आहोत, असा हा प्रकार.

यावर लगेच विचारले जाते, की त्याच इयरफोनवर सिनेमा बघताना तर ओठ आणि शब्द नीट जुळतात, मग खेळातच काय बिघडते? सिनेमा दाखवणाऱ्या अ‍ॅपला आवाज किती उशिरा पोहोचणार याचा अंदाज फोनकडून मिळतो आणि ते चित्र तेवढेच थांबवून दाखवते. दोन्ही सारखेच उशिरा, म्हणून कळत नाही. बोट टेकल्यावर सूर वाजवणाऱ्या खेळाला ही सोय नाही. तुमचे बोट कधी पडणार हे त्याला आधी ठाऊक नसते आणि बोट पडल्यावर वेळ मागे नेता येत नाही.

उशीर होतो तो मुद्दाम राखलेल्या साठ्यामुळे. फोन आवाज दाबून लहान लहान पुडक्यांत पाठवतो, इयरफोन त्यांतली काही जमवून ठेवतो आणि मग उलगडून वाजवतो. वाटेत एखादे पुडके हरवले तरी आवाज तुटू नये, म्हणून ही शिल्लक. गर्दीच्या डब्यात शेकडो उपकरणे रेडिओ-लहरींच्या त्याच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत असतात, पुडकी पुन्हा पाठवावी लागतात, आणि काही इयरफोन अशा वेळी साठा आपोआप वाढवतात. घरी नीट जमलेले गाणे दादरच्या पुढे बिनसते, त्याचे हे एक कारण.

आता या खेळांच्या दोन जाती वेगळ्या ओळखायला हव्यात, कारण दोघांचा उपाय एक नाही. पहिल्या जातीत, म्हणजे २०१४ च्या ‘पियानो टाइल्स’सारख्या खेळात, बोट टेकले तरच सूर वाजतो, पांढऱ्यावर टेकले की खेळ खलास. इथे उशीर असला की बोट कानाची वाट पाहू लागते, हात आपोआप मंदावतो आणि पट्टी खाली निघून जाते. प्रतिध्वनी येणाऱ्या सभागृहात गाणारा मागे ओढला जातो, तसेच. दुसऱ्या जातीत गाणे पार्श्वभूमीला आपले आपण चालू असते, पट्ट्या त्याच्या आघातांवर बसवलेल्या असतात आणि तुमचे बोट किती चुकले एवढेच मोजले जाते. दोन अंगठ्यांनी दोन मांजरांना खाऊ भरवायचे खेळ या जातीचे. इथे कानावर भरवसा ठेवून खेळणारा प्रत्येक वेळी तेवढाच उशिरा पडतो. म्हणजे ज्याचा ताल पक्का, त्याचे गुण कमी. कानाकडे दुर्लक्ष करून नुसते पट्टीकडे पाहणारा मजेत पुढे जातो!

दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळते. घरी इयरफोन काढून, फोनच्या स्पीकरवर एक मध्यम लयीचे गाणे तीनदा खेळा; मग तेच गाणे बिनतारी इयरफोनवर तीनदा. गुणांत ठळक फरक पडला, तर बोटांना दोष देऊ नका. (ही परीक्षा घरीच करावी. बेस्टने २०२३ मध्ये बसमध्ये इयरफोनशिवाय मोबाइलचा आवाज लावायला बंदी केली, ती योग्यच आहे.)

सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे तारेचा इयरफोन. फोनला ३.५ मिलिमीटरचे भोक नसेल तर टाइप-सीचा जोड घ्यावा, पण घेताना त्यात आवाजाची चिप आहे का हे विचारावे. नुसत्या तारा जोडलेला स्वस्त जोड बऱ्याच फोनवर मुका राहतो. बिनतारीच वापरायचा असेल, तर अनेक इयरफोनमध्ये ‘गेम मोड’ असतो. तो इयरफोनच्या अ‍ॅपमधून किंवा कानातल्या कळीवर (इयरबडवर) टिचक्या मारून सुरू होतो. तो साठा कमी करतो, त्यामुळे उशीर घटतो; पण गर्दीत आवाज मधूनच तुटू लागतो. शिल्लक कमी केल्याचीच ही किंमत.

तिसरा उपाय खेळाच्या सेटिंगमध्ये असतो: ‘कॅलिब्रेशन’ किंवा ‘ऑफसेट’. टिकटिक ऐकत पडदा ठोकायचा; ठोके सरासरी किती उशिरा पडले ते खेळ काढतो आणि पुढे गुण मोजताना तेवढा उशीर वजा धरतो. यात डोळे मिटून ठोकणे महत्त्वाचे. डोळे उघडे असले की हात चमकणाऱ्या ठिपक्यामागे जातो आणि आकडा खोटा येतो. पहिले तीन-चार ठोके लय पकडण्यात जातात, म्हणून पुरेसे जास्त ठोकावे. तीनदा करून पाहावे. आकड्यांत ३० मिलिसेकंदांहून जास्त तफावत असेल तर घाई न करता पुन्हा करावे. आकडा हाताने टाकायचा असेल तर अधिक-उणेचा अर्थ प्रत्येक खेळात वेगळा असतो, म्हणून २० मिलिसेकंदांनी सरकवून परिणाम पाहावा. स्पीकर, तार आणि बिनतारी यांचे आकडे वेगवेगळे येतात. एकाचा दुसऱ्याला चालत नाही. सूर निवडता येत असेल तर पियानोच ठेवावा. ‘म्याऊ’ गोड वाटते, पण त्याला सुरुवातीचा आघात नाही, ते हळूहळू फुगते; ठोका नेमका कुठे, हे कानाला ठरवता येत नाही. हातोडी तारेवर पडून उमटणारा सूर टोकदार असतो.

एक मात्र लक्षात ठेवावे: हा उपाय फक्त दुसऱ्या जातीला लागू पडतो. पहिल्या जातीत कोणताही आकडा टाकला तरी बोटाच्या आधी सूर वाजवता येत नाही. तिथे तार किंवा स्पीकर, नाहीतर आवाज बंद करून नजरेने खेळणे.

बाकीचे बिघाड किरकोळ आहेत. अनेक अँड्रॉइड फोनवर तीन बोटे खाली ओढली की स्क्रीनशॉट निघतो. जलद गाण्यात तीन बोटे टेकली की फोन गोंधळतो आणि स्पर्श गिळतो. ती सोय बंद करावी. बॅटरी सेव्हर पुष्कळ फोनवर पडद्याचा वेग १२० वरून ६० हर्ट्झवर आणतो. दोन चित्रांमधले अंतर ८.३ ऐवजी १६.७ मिलिसेकंद होते. फरक थोडा, पण पट्ट्या फरफटत आल्यासारख्या दिसतात. जून ते सप्टेंबरात, आणि मुंबईत घामामुळे एरवीही, ओल्या काचेवर स्पर्श चुकीच्या जागी नोंदले जातात. कोरड्या सुती रुमालाने पुसले की पुरते. स्वस्त चार्जर लावून खेळताना बोट न टेकताच पट्ट्या दाबल्या जात असतील, तर चार्जर काढून पाहावा.

आणि हो, या खेळाने पियानो येत नाही. पियानोला ८८ पट्ट्या, इथे चार रकाने. एकाच रकान्यात आता ‘सा’ तर पुढच्या क्षणी ‘प’ वाजू शकतो. हाताला स्वरांची जागा कळत नाही. वेळेवर टेकण्याची सवय मात्र लागू शकते, पण सूर वेळेवर ऐकू आला तरच.

म्हणून आपल्याला एक विनंती. आपल्या तंत्रज्ञानाच्या पानावर इयरफोनची ओळख छापताना बॅटरी किती तास आणि बेस किती दणदणीत, हे असते. उशीर किती, हे नसते. तो मोजायला प्रयोगशाळा लागत नाही. एका फोनवर बोट टेकताच वाजणारे पियानोचे अ‍ॅप उघडावे. इयरफोनची कळी दुसऱ्या फोनच्या माइकला चिकटवून रेकॉर्डिंग सुरू करावे. मग पहिल्या फोनच्या काचेवर नखाने, आवाज होईल असे, वीस वेळा ठोकावे. रेकॉर्डिंग आवाज संपादनाच्या कोणत्याही मोफत अ‍ॅपमध्ये उघडले, की नखाची ‘टक’ आणि मागून येणारा सूर असे दोन उंचवटे दिसतात; त्यांतले अंतर मोजून सरासरी काढावी. तोच प्रयोग तारेच्या इयरफोनने करावा, कारण फोन स्वतःही काही मिलिसेकंद खातो. पहिल्या आकड्यातून दुसरा वजा केला की उरतो तो निव्वळ बिनतारीचा उशीर. छापताना फोनचे मॉडेल आणि ‘गेम मोड’ चालू होता की बंद, हेही द्यावे. तोच इयरफोन दुसऱ्या फोनवर वेगळा आकडा दाखवतो.

– एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)