शनिवारची केबल कार संग्रहालय भेट: आठवण

मंडळी, नमस्कार. येत्या शनिवारी सकाळी ११ वाजता सॅन फ्रान्सिस्कोच्या केबल कार संग्रहालयात भेटायचं आहे. वॉशिंग्टन आणि मेसन रस्त्यांच्या कोपऱ्यावरची विटांची इमारत. प्रवेश विनामूल्य. त्या भागात गाडी लावायला जागा मिळणं कठीण, म्हणून पॉवेल रस्त्यावरून केबल कारनेच या. पॉवेल-मेसन आणि पॉवेल-हाइड या दोन्ही गाड्या तिथून जातात. तिकीट मात्र काढावं लागेल.

हे नुसतं संग्रहालय नाही, चालू पॉवरहाउस आहे. शहरातल्या सगळ्या केबल कार ओढणारे पोलादी दोर इथल्याच प्रचंड चाकांवरून ताशी सुमारे १५ किलोमीटर वेगाने अखंड फिरतात. गाडीत इंजिन नसतं. चालक रस्त्याखालचा दोर चिमट्यात पकडतो, थांबायचं असलं की सोडतो. तळघराच्या खिडकीतून दोर रस्त्याखाली शिरताना दिसतात, ते मुलांना जरूर दाखवा. केबल कारचे जनक अँड्र्यू हॅलिडी यांनी १८७३ मध्ये सुरू केलेल्या क्ले स्ट्रीट मार्गाची जुनी गाडीही तिथे जपली आहे. मला तीच सर्वांत प्रिय.

यंत्रांचा आवाज मोठा असतो, तान्ह्या बाळांचे कान जपा. किती जण येणार ते गुरुवारपर्यंत इथेच कळवा.