विषय : बंद फोन चालू करून तो बंद का पडला हे तपासायची तुमची सूचना

प्रति,
ग्राहक सेवा प्रमुख,

आज दुपारी तुमच्या हेल्पलाइनशी चौथ्यांदा बोलले आणि तिथूनच उठून हे लिहायला बसले. तव्यावरची भाकरी करपली, तो हिशेब वेगळा.

फोन सात महिन्यांचा, 18,999 रुपये रोख मोजून घेतलेला. बिलाची आणि खोक्याची झेरॉक्स सोबत आहे. सोमवारी रात्री 9 टक्के बॅटरी होती, तुमच्याच चार्जरला लावला. पहाटे साडेपाचला बघते तर काळा ठिक्कर. लोगो नाही, थरथर नाही, चार्जिंगचं चिन्हही नाही. बॅटरी पार उतरली की फोन जागा व्हायला पंधरा-वीस मिनिटं घेतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मी चार तास वाट पाहिली. पॉवर आणि आवाज कमी करायचं बटण एकत्र अर्धा मिनिट दाबून धरलं. केबल बदलली, शेजारणीचा चार्जर आणला. मुलाच्या फोनवरून रिंग दिली तर नंबर 'स्विच ऑफ', म्हणजे नुसती स्क्रीन गेलेली नाही. नवी पेठेतल्या दुरुस्तीवाल्यानं मीटर लावून दाखवलं, फोन करंटच ओढत नाही. तो म्हणाला, "मावशी, मी उघडला तर वॉरंटी जाईल, कंपनीलाच विचारा."

विचारलं. तीच चूक झाली.

आजचं संभाषण तुमच्याकडे रेकॉर्ड असेलच, तरी लिहिते.
"मॅडम, सेटिंगमध्ये जाऊन बॅटरी उघडा."
"अहो, फोन चालूच होत नाही."
"ओके मॅडम. मग आमचं ॲप उघडून तपासणी चालवा."
"कुठल्या फोनवर?"
"ज्या फोनला प्रॉब्लेम आहे त्याच फोनवर, मॅडम."
मी मनात दहा आकडे मोजले. म्हटलं, दादा, तो फोन माझ्या हातात आहे, मेलेला आहे, वरवंट्याइतकाच हुशार आहे. यावर तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "ठीक आहे मॅडम, फोन सुरू झाला की आम्हाला परत कॉल करा."
फोन सुरू झाला की! सुरू झाल्यावर तुम्हाला कॉल कशाला करू, सत्यनारायणाच्या आमंत्रणाला?

सर्व्हिस सेंटरवर त्याआधी दोन हेलपाटे झाले. पहिल्यांदा म्हणाले, पाणी गेलंय. सिमच्या खाचेतली पट्टी पांढरी आहे हे मीच दाखवलं. पाणी लागलं असतं तर ती लाल झाली असती ना? दुसऱ्यांदा म्हणाले, "तुम्ही उन्हात ठेवला असेल." हे सोलापूर आहे. वैशाखात इथं घरात पंख्याखालीसुद्धा माणूस भाजतं, पारा 42-43 वर असतो. पुस्तिकेत 35 अंशांपर्यंतच वापरा असं छापायचं आणि इथल्या दुकानात फोन मांडून विकायचे, हे कसं? मग खोक्यावरच मोठ्या अक्षरात लिहा की सोलापूरकरांनी घेऊ नये. आणि माझा फोन रात्री, घरात, फरशीवर होता. तेही चारदा सांगून झालंय.

मी शेंगाचटणी आणि कडक भाकऱ्या घरून विकते. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांचे पत्ते, राहिलेल्या ऑर्डरी, सगळं त्या फोनात. सेंटरवाल्यांना तो पुण्याला पाठवायचाय, 'आतला डेटा गेल्यास कंपनी जबाबदार नाही' या कागदावर माझी सही घेऊन. सही करणार नाही. आधी आतली माहिती काढून द्यायचा प्रयत्न करा, तसं लेखी द्या, मग बोर्ड फुकट बदला नाहीतर फोन बदलून द्या.

सात दिवस थांबते. त्यानंतर सरकारी ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर तक्रार आणि मग इथला जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं राहत्या जिल्ह्यातच दाद मागता येते, पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फीसुद्धा नाही. मला वकील नको. बिल आणि तोंड, दोन्ही माझ्याकडे आहेत.

वाईट याचं वाटतं की घरातले आधीचे दोन्ही फोन तुमचेच होते. जावेला हाच घे म्हणून मीच सांगितलं होतं. आता ती रोज विचारते, "वहिनी, झाला का सुरू?"

एक त्रस्त ग्राहक,
जुळे सोलापूर

ता. क. : हे लिहितानाच मुलाच्या फोनवर तुमचा मेसेज आला. 'आपल्या समस्येचे निराकरण झाले आहे. आम्हाला किती तारे द्याल?' मेसेज जपून ठेवलाय, आयोगात दाखवायला.