बाबा, या भिंतीचा गिलावाही टिकला नव्हता

ड्रेस्डेन (जर्मनी),
10 नोव्हेंबर 2024

तीर्थरूप बाबा व आई यांना साष्टांग नमस्कार. आजीलाही पत्र वाचून दाखवा, फक्त पुलाचं तेवढं गाळा.

फराळ पोचला. चकल्या मोडल्या, पण चवीला काय होतंय! मी मजेत आहे. वजन उतरलेलं नाही, व्हिडिओ कॉलवर गाल बसलेले दिसतात तो खिडकीतल्या उजेडाचा दोष. "फोनवरचं बोलणं राहत नाही, दोन पानं लिही," असं बाबांनी म्हटलं म्हणून हा खटाटोप.

आधी पूल. दादाने दाखवलेली बातमी खरी आहे. सप्टेंबरात एल्बे नदीवरच्या कारोला पुलाचा एक भाग पहाटे तीनच्या सुमाराला कोसळला. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. थोडाच वेळ आधी त्यावरून ट्राम गेली होती, हे त्याने तुम्हाला सांगायची काही गरज नव्हती. मी घरी झोपले होते आणि माझा कामाचा रस्ताही तो नाही. इथे बाहेरच्यांविरुद्ध मोर्चे निघायचे हेही खरं. मोर्चा असला की मी त्या चौकाकडे फिरकत नसे, संपलं. तुम्हीही मोर्च्याच्या दिवशी स्टँडकडे जात नाही ना?

आता बाबांसाठी. गेल्या रविवारी मी फक्त तुमच्यासाठी एक भिंत बघून आले. इतके दिवस तिच्यावरून नुसती ये-जा करायचे. जुन्या राजवाड्याच्या तबेल्याच्या अंगणाची ही बाहेरची बाजू, चित्राची लांबी जवळजवळ 102 मीटर. गल्ली एवढी अरुंद की समोरच्या भिंतीला पाठ लावली तरी एका फोटोत चार-पाचपेक्षा जास्त घोडे मावत नाहीत. म्हणून तुकड्यातुकड्याने काढलेत, दादा जोडून दाखवेल.

इथल्या सॅक्सनी प्रांतावर आठशे वर्षं राज्य केलेल्या वेटिन घराण्याची ही मिरवणूक. पहिला राज्यकर्ता 1127 सालचा, शेवटचा 1904 पर्यंतचा (चित्र काढलं तेव्हा तो अजून राजा झाला नव्हता), असे 35 जण घोड्यांवर, आणि मागे चालत शास्त्रज्ञ, कारागीर, शेतकरी, पोरं. विल्हेल्म वाल्थर नावाच्या चित्रकाराने हे 1870 च्या दशकात काढलं, आणि अगदी शेवटी गर्दीत स्वतःलाही उभं केलं. तुम्ही शाळेच्या भिंतीवरच्या राज्याभिषेकात कोपऱ्यातल्या मावळ्याला स्वतःचा चेहरा दिला होतात ते आठवलं. हेडमास्तरांना तो शेवटपर्यंत ओळखू आला नाही.

पण खरी गोष्ट पुढे आहे. वाल्थरने रंगवलं नव्हतं, खरवडलं होतं. खाली काळसर गिलावा, वर फिकट थर, तो ओला असतानाच वरचा कोरून काढायचा म्हणजे खालच्या काळ्या रेषा उमटतात. काम देखणं झालं, पण तीसेक वर्षांत हवापाण्याने पोपडे सुटायला लागले. प्लास्टर इथलंसुद्धा टिकत नाही, बाबा! दर मे महिन्यात तुम्ही शिडी लावून राज्याभिषेक पुन्हा रंगवायचात आणि मी खाली डबा धरून उभी असायचे. इथे त्यांच्यापाशी माइसनचा पोर्सिलेनचा, म्हणजे चिनी मातीचा, कारखाना होता. युरोपातली खरी पोर्सिलेन आधी तिथेच बनायला लागली, 1710 पासून. मग 1904 ते 1907 या काळात अख्खं चित्र सुमारे 23,000 टाइल्सवर उतरवून भिंतीवर बसवलं. तुम्ही विचाराल म्हणून सांगते, जवळ जाऊन बघितलं तरी सांधे डोळ्यांना खुपत नाहीत. फेब्रुवारी 1945 च्या बॉम्बहल्ल्यात राजवाडा जळाला, दोन दिवसांनी जवळचं मोठं चर्च ढासळलं. ही भिंत मात्र उभी राहिली, थोड्याच टाइल्स बदलाव्या लागल्या. टाइल्स आधीच भट्टीच्या आचेतून निघालेल्या, त्यांना आगीचं काय!

आई, तुझ्यासाठीही आहे. इतक्या राजांत राणी एकही नाही. पण प्रत्येकाच्या खाली नाव लिहिलंय, काहींचं टोपणनावही, त्यांत एक आहे "चावलेला फ्रीडरिश". नवऱ्याच्या छळाला कंटाळून त्याची आई मार्गारेटे 1270 मध्ये गडावरून पळाली. पोरांना सोडून जावं लागलं, तेव्हा त्या दुःखात तिने याच्या गालाचा कडकडून चावा घेतला, अशी दंतकथा आहे. काही आठवड्यांतच ती वारली. आता भिंतीवर पुढे तो नवरा घोड्यावर बसलाय, मागोमाग मुलगा. तिचा पत्ताच नाही, तिने घेतलेल्या चाव्याचं नाव मात्र राहिलं. मी तिथे बराच वेळ थांबले. मुंबईच्या विमानतळावर तू एक शब्द बोलली नव्हतीस, नुसती माझ्या बॅगेची चेन पुन्हा पुन्हा ओढून बघत होतीस. असो.

बाटल्यांचं एकदा नीट सांगते, कारण शेजारच्या काकूंनी माझ्या फोटोतली पिशवी बघून तुला काय काय सांगितलंय ते दादाकडून कळलं. मी भंगार विकत नाही. इथे पाण्याची एकदाच वापरायची प्लास्टिकची बाटली घेतली की दुकानदार बाटलीचेच 25 सेंट जास्त लावतो, म्हणजे पंचवीसेक रुपये. बिअरच्या काचेच्या बाटलीला 8 सेंट (माझ्या पिशवीतल्या त्या बाटल्या शेजारणीच्या होत्या). रिकामी प्लास्टिकची बाटली दुकानातल्या यंत्राच्या तोंडात द्यायची, ते ती गोल फिरवून शिक्का वाचतं आणि आत चुरडतं. घरी चुरडायची नाही, शिक्का वाचता आला नाही तर यंत्र ती परत ढकलतं. शेवटी बटण दाबलं की चिठ्ठी निघते, ती बिलात वजा होते. डॉक्टर, प्रोफेसर सगळे शनिवारी पिशव्या घेऊन रांगेत असतात. रस्त्यात रिकामी झालेली बाटली कचऱ्याच्या डब्यात न टाकता डब्याशेजारी ठेवतात, म्हणजे गरजू माणसाला आत हात घालावा लागत नाही. काकूंना हे एवढं सगळं सांग.

आता राहिलेलं. स्लॅबच्या गळतीसाठी या महिन्यात 40,000 जास्त पाठवते आहे. पतसंस्थेचा हप्ता वेगळा, तो नेहमीप्रमाणे येईल. बाबा, ते पैसे परत मुदत ठेवीत टाकू नका, स्लॅबच करा. स्नेहलच्या लग्नाला मला यायला जमत नाही. डिसेंबरची तिकिटं बघितली, त्या पैशांत अर्धा स्लॅब होतो. आत्याला मीच फोन करेन, तुम्ही आधी काही बोलू नका. साडीचे पैसे वहिनीकडे पाठवले आहेत.

नाशिकच्या स्थळाला नाही कळवा. मुलगा चांगला असेल, पण त्यांना मार्चपर्यंत मुलगी पुण्यात हवी आहे आणि मला इथे आणखी दोन वर्षांचं काम मिळालंय. सही आधीच केली. गणपतीत बोलणं झालं तेव्हा सांगणार होते, पण आई मोदकांच्या घाईत होती, आणि तुम्ही दोघं इतके खूश दिसत होता. आई, रडू नकोस, पुढच्या दिवाळीला नक्की येते. नकार देताना "मुलगी अजून शिकतेय" असं सांगू नका, बाबा. नोकरी करते म्हणून सांगा.

पैसे गुरुवारपर्यंत जमा झाले नाहीत तर दादाला बँकेत पाठवा, तुम्ही उन्हातून जाऊ नका.

तुमची,
मनू