मूळ दांडीवरचा आकडा तुमच्याकडे घासला गेला

प्रति,
व्यवस्थापक,
पितळ ओतकाम विभाग,
कोल्हापूर.

विषय : जुन्या रेल्वे डब्याच्या दारात धरायच्या बारा पितळी दांड्यांचे चुकलेले माप आणि मूळ नमुन्याचे नुकसान.

महोदय,
स.न.वि.वि.

तुमची पेटी गेल्या शनिवारी इथे उघडली. बारा दांड्या, दिसायला सुरेख. एक उचलून डब्याच्या दारापाशी नेली, वरचा बोल्ट बसवला, तर खालचा भोकात जाईना. मूळ दांडीच्या दोन भोकांमधलं अंतर २५४ मिमी, तुमच्या दांड्यांचं २५०. बाराही नगांचं तेच.

म्हणजे तुम्ही मूळ दांडीच वाळूत दाबून साचा केलात. पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, हे कोल्हापूरच्या ओतकामवाल्यांना मी सांगायला नको. म्हणूनच ऑर्डरसोबत वाढीव मापाचं ड्रॉइंग दिलं होतं, आणि लाकडी पॅटर्नचे, म्हणजे साच्यासाठीच्या वाढीव मापाच्या नमुन्याचे, पैसे तुमच्या बिलात वेगळे लावलेले आहेत. तो पॅटर्न झालेलाच दिसत नाही.

‘लाकडात नवी भोकं पाडून घ्या,’ असं तुमच्या माणसाने फोनवर सांगितलं. जुन्या भोकापासून चार मिलिमीटरवर दुसरं पाडलं की दोन्ही एक होतात आणि बोल्टला पकड राहत नाही. शिवाय ते लाकूड शंभर वर्षांपूर्वीचं आहे. हा डबा अमेरिकेतल्या शिकागो अरोरा अँड एल्गिन या विजेच्या रेल्वेचा. ३ जुलै १९५७ रोजी भर दुपारी तिची प्रवासी सेवा बंद झाली. सकाळी गाडीने कामाला गेलेली माणसं संध्याकाळी स्टेशनवर आली, तर गाडी नव्हती. त्याच माणसांच्या हातांनी धरलेल्या त्या मूळ दांड्या.

आमचं इलिनॉय रेल्वे म्युझियम १९५३ साली दहा जणांनी सुरू केलं, प्रत्येकी शंभर डॉलर घालून, एक डबा भंगारातून वाचवण्यासाठी. आज युनियन गावातल्या त्याच्या शेडमध्ये आम्ही बिनपगारी काम करतो. दांड्यांचे पैसे देणगीतून आले. कोल्हापूरला काम द्यावं हा आग्रह माझा होता. माझे वडील कुर्ला कारशेडमध्ये फिटर होते. १९२५ साली देशातली पहिली विजेची गाडी बोरीबंदरहून कुर्ल्याला गेली, ते आमच्या घरात कौतुकाने सांगितलं जायचं. त्यामुळे सहकाऱ्यांसमोर ही पेटी उघडताना मला काय वाटलं असेल, ते समजून घ्या.

मापाची चूक दुरुस्त होईल. दुसरी होणार नाही. मूळ दांडी तुम्ही बफिंग करून पाठवलीत. तिच्या मागे ओतलेला आकडा होता, बोटाला लागायचा. आता तिथे सपाट पितळ आहे. मधोमध हातांनी झिजून आलेला खोलगट भागही गेला. ‘मूळ नगाला घासू नये’ हे ऑर्डरवर मराठीत, लाल अक्षरांत लिहिलं होतं.

बाराही नग ड्रॉइंगप्रमाणे, खरा पॅटर्न करून, विनामूल्य पुन्हा ओतून द्यावेत. विमानाचं भाडं तुम्ही सोसावं. मूळ नगाचं असं का झालं, याचा लेखी खुलासा पंधरा दिवसांत हवा.

आणि दुसरी मूळ दांडी अजून तुमच्याकडेच आहे. ती आजच कपाटात ठेवा, बफिंगच्या चाकाजवळ नेऊ नका, आणि आहे तशी, काळवंडलेलीच, कापडात गुंडाळून परत पाठवा.

आपला,
डबा दुरुस्ती गटातील स्वयंसेवक

सोबत : बिलाची प्रत, ड्रॉइंग, मूळ दांडीचे आधीचे व नंतरचे फोटो.